पटकीच्या साथीत परीक्षापट्टीची साक्ष

(गावोगावच्या मंडळ्या व उपदेशक ह्यांच्यासाठी आरोग्यपाठ)

वाचावयाचे शास्त्रपाठ : लेवीय १३:१-८, अनुवाद १९:१५-१९, नीतिसूत्रे १८:१७, लूक १०:३०-३७.

इसवी सन १८२६ च्या मार्च महिन्यात अमेरिकन मिशनचे गॉर्डन हॉल साहेब मुंबईहून नाशकास गेले. तेथे पटकीची साथ भरात होती. साहेबांनी जवळची औषधे लोकांस वाटली, सुवार्ता सांगितली, आणि ते परत फिरले. वाटेत ता. २० मार्च रोजी पहाटे त्यांस स्वतःसच पटकीने गाठले व काही तासांतच त्यांचे देहावसान झाले. ज्या मराठी नव्या करारासाठी त्यांनी वर्षानुवर्षे श्रम केले होते, तो त्याच साली छापून निघाला. त्या पहाटे त्यांच्या ठायी प्रीती होती, धैर्य होते. परंतु हा रोग कशाने होतो, तो पोटात कसा शिरतो, हे त्यांस किंवा त्या काळच्या कोणत्याही वैद्यास ठाऊक नव्हते.

आज आपणांस ते ठाऊक आहे. इतकेच नव्हे, तर कागदाच्या एका लहानशा पट्टीवर पाव तासात रोगाची खूण पाहता येते. ही पट्टी आता निरनिराळ्या देशांत साथीच्या वेळी आरोग्यसेवकांच्या पिशवीत असते, आणि लस कोठे पाजावयाची हे ठरविण्यास तिचे साह्य घेतात. ती काय सांगते, काय सांगत नाही, आणि तिच्या साक्षीवर कितपत विसंबावे, हे आपल्या मंडळीतील प्रत्येक उपदेशकास कळणे अगत्याचे आहे. कारण गावात रोग आला म्हणजे लोक प्रथम ज्यास विचारतात तो पुष्कळदा उपदेशकच असतो, आणि त्याच्या एका शब्दाने गाव सावध होते किंवा घाबरून जाते.

१. रोग व त्याचे मूळ

पटकी म्हणजेच कॉलरा. तिचे कारण एक सूक्ष्म जंतू होय. स्वल्पविरामासारखा वाकडा असा तो जंतू इटलीतील पाचिनी नामक विद्वानाने १८५४ साली दुर्बिणीखाली पाहिला होता. पण त्याच्या लेखाकडे त्या काळी कोणी फारसे लक्ष दिले नाही. पुढे जर्मनीचे डॉक्टर कॉख ह्यांनी १८८३ साली मिसर देशात व १८८४ साली कलकत्त्यास शोध करून पटकीचे मूळ हाच जंतू, असे दाखविले. तो जंतू आतड्यात एक विष सोडतो व त्या विषामुळे शरीरातील पाणी व क्षार लोटाप्रमाणे बाहेर पडतात, हे कलकत्त्याचे शंभुनाथ डे ह्यांनी १९५९ साली प्रयोगाने सिद्ध केले.

रोग्याच्या मळातून हा जंतू पाण्यात जातो, आणि त्या पाण्यातून व त्या पाण्याने धुतलेल्या अन्नातून दुसऱ्याच्या तोंडात. एवढीच त्याची वाट आहे. नजर लागल्याने, कोणी करणी केल्याने किंवा देवी कोपल्याने पटकी होत नाही. आपल्या देशात कितीएक गावी मरीआईचा गाडा वाजतगाजत वेशीबाहेर नेऊन सोडीत. पुढच्या गावाने तो आणखी पुढे ढकलावा. भयभीत मनुष्य असेच करतो. संकट आपल्या वेशीबाहेर गेले म्हणजे तो सुटलो असे म्हणतो, आणि शेजाऱ्याचे काय झाले हे पाहत नाही. पण ओढ्याचे पाणी वेस जाणत नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पाण्यासारखे ढाळ झाले म्हणजे ती पटकीच असते असे नाही. लहान मुलांस निराळ्या जंतूंमुळे ढाळ होतात. विटलेल्या अन्नाने सबंध वरातीस ढाळ होतात. पावसाळ्याच्या आरंभी गढूळ पाण्यातील दुसऱ्या जंतूंमुळेही होतात. पटकीचे ढाळ तांदळाच्या धुवणासारखे असतात, ओकारी होते, डोळे खोल जातात, हातापायांस गोळे येतात, हे खरे. तथापि सौम्य रोग्यांत ही लक्षणे स्पष्ट दिसत नाहीत. केवळ डोळ्यांनी पाहून सांगणारा चुकतो. म्हणून परीक्षेची गरज.

२. पट्टी कशी बोलते

फार वर्षे ही परीक्षा केवळ मोठ्या प्रयोगशाळेतच होत असे. रोग्याचा मळ बाटलीत घालून शहरास पाठवावयाचा, तेथे जंतू पेरून वाढवावयाचे, आणि दोन-तीन दिवसांनी, कित्येकदा त्याहूनही उशिरा, उत्तर यावयाचे. उत्तर येईपर्यंत साथ दहा गावे पुढे गेलेली असे. ही अडचण जाणून पॅरिस येथील पाश्चर संस्थेतील शास्त्रज्ञांनी पटकीची परीक्षापट्टी तयार केली, आणि तशा पट्ट्या पुढे आपल्या शेजारच्या सुरत शहरी बनू लागल्या. बांगलादेशातही अशी पट्टी निघाली आहे.

तिची कृती सोपी आहे. रोग्याच्या पातळ मळाचे काही थेंब लहान नळीत घेतात व पट्टीचे टोक त्यांत बुडवून ठेवतात. दिव्याच्या वातीत तेल चढते त्याप्रमाणे तो द्रव पट्टीत वर चढतो. पट्टीत असे पदार्थ लाविलेले असतात की पटकीच्या जंतूच्या बाह्य कवचातील द्रव्य आले तर ते त्यास धरून ठेवतात, आणि त्या जागी रंगीत रेघ उमटते. पंधरा ते वीस मिनिटांत हे होते. पटकीची साथ आणणाऱ्या जंतूंच्या दोन जाती आहेत. एकीस ओ-१ म्हणतात. दुसरी ओ-१३९, जी १९९२ साली मद्रासकडे व नंतर बंगालच्या उपसागराच्या काठी प्रकट झाली. काही पट्ट्यांवर दोहोंची निरनिराळी रेघ असते.

ह्यांशिवाय पट्टीच्या वरच्या भागी आणखी एक रेघ यावयास पाहिजे. ती पट्टी चांगली आहे किंवा नाही हे सांगते. ती उमटली नाही तर ती परीक्षा बाद समजून नवी पट्टी घ्यावी. जी पट्टी उन्हात तापली, ओलसर झाली किंवा जिची मुदत संपली, तिच्यावर भरवसा ठेवू नये. तसेच ज्या भांड्यात जंतुनाशक औषध घातले आहे त्यातील मळ घेऊ नये, आणि होईल तेथवर रोग्यास जंतुघ्न गोळ्या देण्यापूर्वीच नमुना घ्यावा. मात्र गोळीची खरी गरज असेल तर नमुन्यासाठी रोग्यास ताटकळत ठेवू नये.

३. लस थोडी व मागणारे पुष्कळ

आता कोणी विचारील की, पटकीवर लस आहे, तर ती सर्वांसच द्यावी. परीक्षेची उठाठेव कशास? ह्याचे उत्तर समजण्यासाठी आपण आफ्रिका खंडातील मलावी देशाकडे पाहू. डॉक्टर विल्सन साहेब ज्या स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे होते, त्याच फ्री चर्चने १८७५ साली त्या देशातील मोठ्या सरोवराच्या काठी लिव्हिंग्स्टोनिया मिशन स्थापिले. तेव्हा तेथील मंडळ्या आपल्या भावंडांच्याच आहेत.

त्या देशात मार्च १९२२ नव्हे, तर अलीकडे मार्च २०२२ मध्ये दक्षिणेकडील माचिंगा जिल्ह्यात पटकीचा पहिला रोगी आढळला. मग ती पसरत पसरत देशाच्या सर्व २९ जिल्ह्यांत गेली. मार्च २०२३ मध्ये फ्रेडी नावाच्या वादळाने दक्षिण भागात महापूर आणिला, त्यामुळे हाल अधिकच वाढले. साथ ओसरली तोवर ५९ हजारांहून अधिक लोक आजारी पडले व १,७०० हून अधिक लोक मरण पावले. त्या देशाच्या इतिहासात पटकीने इतका संहार पूर्वी कधीही केला नव्हता.

ह्या वेळी लस का पुरली नाही? तोंडाने पाजावयाच्या लशीचा एक जागतिक साठा २०१३ साली स्थापन झाला. कोणत्याही देशात साथ आली म्हणजे तेथून लस मागवितात. परंतु २०२१ नंतर अनेक देशांत एकाच वेळी साथी उठल्या, आणि लस बनविणारे कारखाने मोजकेच. एका माणसास दोन मात्रा द्याव्या हा नियम. पण ऑक्टोबर २०२२ मध्ये साठा सांभाळणाऱ्या मंडळास असे ठरवावे लागले की, साथीच्या मोहिमेत सध्या एकेकच मात्रा द्यावी, म्हणजे तितक्याच लशीत दुप्पट लोकांस थोडेतरी संरक्षण मिळेल. दोन मात्रांचे संरक्षण निदान तीन वर्षे राहते. एका मात्रेचे निदान सहा महिने. नोव्हेंबर २०२२ मध्ये मलावीस सुमारे २९ लाख मात्रा मिळाल्या. देशाची लोकसंख्या मात्र दोन कोटींच्या घरात. २०२४ च्या आरंभी तर जागतिक साठा रिताच झाला होता.

घरात भाकरी चार व तोंडे वीस असली म्हणजे आई काय करते? ती प्रथम आजाऱ्यास व तान्ह्याच्या आईस देते. परंतु कोण आजारी आहे हे तिला ठाऊक पाहिजे. लशीचेही तसेच आहे. ज्या गावी विटलेल्या अन्नाने ढाळ झाले तेथे लस गेली, आणि ज्या गावी खरी पटकी होती तेथे ती गेली नाही, तर पहिल्या गावाचा काही लाभ नाही व दुसऱ्या गावी प्रेते उचलावी लागतील. म्हणून लशीच्या आधी परीक्षा गेली पाहिजे. हे जाणून गॅव्ही, युनिसेफ, जागतिक आरोग्य संघटना व फाइंड ह्या संस्थांनी मिळून चौदा देशांस बारा लाखांहून अधिक परीक्षापट्ट्या देण्याचा क्रम एप्रिल २०२४ मध्ये आरंभिला. आणि त्यांतील पहिली पेटी मलावी देशातच उतरली.

परीक्षा व लस ह्यांची ही सोबत नवी नाही. पटकीवरील सुईची लस काढणारे हाफकिन साहेब, ज्यांच्या नावाची संस्था मुंबईस परळ येथे आहे, त्यांनी १८९२ साली पॅरिसमध्ये ती लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. १८९४ साली कलकत्त्यातील बस्त्यांच्या तळ्यांत पटकीचे जंतू आहेत काय हे पाहण्यास त्यांस बोलाविले असता, जेथे रोग होता तेथेच त्यांनी लोकांस लस टोचली. पुढे पंढरपूरच्या यात्रेस जाणाऱ्यांसही ती सुई घ्यावी लागत असे. वृद्ध वाचकांस तिची आठवण असेल. ती सुईची लस आता मागे पडली आहे. आताची लस तोंडाने पाजतात. ती चमचाभरही नसते, व एक वर्षावरील मुलांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सर्वांस चालते.

४. एकच साक्षीदार पुरे नाही

मोशेच्या नियमशास्त्रात अशी आज्ञा आहे की, एकाच साक्षीदाराच्या बोलण्यावरून कोणास दोषी ठरवू नये. दोन किंवा तीन साक्षीदारांच्या मुखाने गोष्ट शाबीत व्हावी. शलमोनही सांगतो की, पहिल्याने बोलणारा खरा वाटतो, पण दुसरा येऊन त्याची उलटतपासणी करतो. परीक्षापट्टी हा असाच एक साक्षीदार होय. ती बहुधा खरे बोलते, पण चुकतेही.

एक हिशेब करून पाहू. हे आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. समजा, खरी पटकी झालेल्या दहा रोग्यांपैकी नऊ जणांस पट्टी ‘होय’ म्हणते, आणि पटकी नसलेल्या दहांपैकी दोघांसही चुकून ‘होय’ म्हणते. आता एका गावी साथ भरात आहे. ढाळ झालेल्या शंभरांपैकी साठ जणांस खरी पटकी आहे. त्या साठांपैकी चौपन्नांस पट्टी होकार देईल, आणि उरलेल्या चाळिसांपैकी आठांस चुकून देईल. एकंदर बासष्ट होकार. त्यांपैकी चौपन्न खरे. अशा गावी पट्टीचा होकार मानण्यास हरकत नाही.

दुसऱ्या गावी शंभरांपैकी दहाच जणांस पटकी आहे. तेथे त्या दहांपैकी नवांस होकार मिळेल, पण नव्वदांपैकी अठरांस चुकीचा होकार मिळेल. एकंदर सत्तावीस होकार. त्यांपैकी खरे नऊच! म्हणजे पट्टी तीच, हात तेच, तरी ह्या गावी तीन होकारांपैकी दोन खोटे. परंतु ह्याच गावी नकार पाहा. त्र्याहत्तर नकारांपैकी बहात्तर खरे आहेत. ह्यावरून हा बोध घ्यावा : जेथे रोग थोडा आहे तेथे नकार अधिक विश्वासार्ह असतो व होकार पुन्हा तपासावा लागतो, जेथे रोग पुष्कळ आहे तेथे होकार विश्वासार्ह असतो, पण एकट्या नकाराने निश्चिंत होऊ नये. पहिल्या गावी सहा रोग्यांस पटकी असूनही नकार मिळाला होता हे विसरू नये.

म्हणून जाणते आरोग्याधिकारी एका रेघेवरून साथीची दवंडी पिटीत नाहीत. एकाच ठिकाणच्या अनेक रोग्यांच्या परीक्षा थोड्या दिवसांत होकारी आल्या, तर तेथे साथ असावी असे धरून ते कामास लागतात, आणि काही नमुने प्रयोगशाळेस पाठवून पक्के करून घेतात. लांबच्या प्रवासात जंतू जिवंत राहावे म्हणून तो नमुना कॅरी-ब्लेअर नावाच्या खास द्रव्यात ठेवतात. कोठे कोठे मळ प्रथम जंतू वाढविणाऱ्या खारट पाण्यात चारसहा तास ठेवून मग पट्टी बुडवितात. त्याने चुकीचे होकार कमी होतात. साथ एकदा पक्की ठरली म्हणजे प्रत्येक रोग्याची परीक्षा करीत बसत नाहीत. दवाखान्यात दररोज येणाऱ्या पहिल्या तीन संशयितांची करतात, म्हणजे रोग चढतो की उतरतो हे कळत राहते व पट्ट्याही पुरतात.

ही काळजी कशासाठी, हे आपणांस तरी कोणी सांगावयास नको. आपल्यातील पुष्कळांच्या वाडवडिलांस सार्वजनिक पाणवठ्यावर पाय ठेवू दिला जात नसे. आणि साथ आली म्हणजे पाणी बाटविल्याचा आळ ज्याचा आवाज लहान त्याच्यावरच येई. एका खोट्या होकाराने एखाद्या वस्तीचे नाव बद्दू झाले, तर तिचे दूध कोणी घेत नाही, तिची भाजी बाजारात विकत नाही, तिच्या मयतास कोणी येत नाही. अनुवादाच्या त्याच अध्यायात खोट्या साक्षीविषयी कडक आज्ञा आहे, आणि न्यायाधीशांनी चांगली चौकशी करावी असे सांगितले आहे. लेवीय १३ व्या अध्यायात याजकास चट्ट्याचा संशय आला तर तो त्या माणसास सात दिवस वेगळा ठेवून पुन्हा पाहतो, आणि तरीही संशय राहिला तर आणखी सात दिवसांनी पाहतो. देवाच्या लोकांत कोणाच्या माथी रोगाचा शिक्का मारावयाचा तर तो घाईने मारू नये, हा त्यातील धडा आहे.

५. लस प्यायल्यानंतरची साक्ष

आता एक विशेष अडचण सांगतो, जी लशीच्या मोहिमेच्या वेळीच उत्पन्न होते.

ही लस कशाची बनलेली असते? मारून टाकलेल्या पटकीच्या जंतूंची. मेलेला जंतू रोग करू शकत नाही. पण त्यास पाहून शरीर सावध होते व खऱ्या जंतूशी लढावयास शिकते. ते मेलेले जंतू पोटातून पुढे जाऊन मळावाटे बाहेर पडतात. पट्टी तर जंतूच्या कवचास ओळखते. आत जीव आहे किंवा नाही हे तिला कळत नाही. ह्यामुळे ज्याने नुकतीच लस प्यायली आहे त्याची परीक्षा पुढील काही दिवस, पटकी नसतानाही, होकारी येऊ शकते.

ह्यापासून केवढा घोटाळा होऊ शकतो ते पाहा. सोमवारी गावात लस पाजली. बुधवारी एका बाईस दुसऱ्याच कारणाने ढाळ झाले. दवाखान्यात पट्टीवर रेघ उमटली. लगेच गावात बोभाटा होतो की, लशीनेच पटकी आणिली! मग पुढच्या गावी लोक दारे लावून बसतात व लस घेत नाहीत. त्या एका गैरसमजाने जितकी माणसे दगावतील तितकी कदाचित रोगानेही दगावली नसती.

ह्यावर उपाय दोन. पहिला असा की, परीक्षा करणाऱ्याने प्रत्येक रोग्यास, ‘लस घेतली काय, आणि कोणत्या दिवशी?’ हे विचारून लिहून ठेवावे. लशीचे कार्ड जपून ठेवण्यास आपण आपल्या लोकांस सांगावे ते ह्यासाठी. दुसरा उपाय असा की, अशा रोग्याचा नमुना प्रयोगशाळेस पाठवून तेथे जंतू पेरून पाहावा. शेतकऱ्यास हे तात्काळ समजेल. भाजलेले बी व चांगले बी दिसावयास कदाचित सारखेच. पण पेरले म्हणजे भाजलेले बी उगवत नाही. लशीतील मेलेला जंतूही उगवत नाही. जो उगवला तो खऱ्या रोगाचा.

दुसरीही बाजू आहे. लस घेतलेल्या मनुष्यास पटकी कधीच होत नाही, असे समजू नये. लशीचे बळ अंगी येण्यास आठवडाभर लागतो, आणि नंतरही ती सर्वांचे पूर्ण रक्षण करीत नाही. लस घेतलेल्यास ढाळ लागले तर त्यास ‘तू लस घेतली आहेस, तुला काही होणार नाही’ असे म्हणून घरी बसवू नये. लस प्यायला म्हणून पाणी उकळणे व हात धुणेही सोडू नये.

६. उपचार साक्षीसाठी थांबत नाही

येथवर परीक्षेविषयी सांगितले. आता जे सांगतो ते सर्वांत महत्त्वाचे आहे, आणि बाकी सर्व विसरले तरी चालेल, पण हे विसरू नये.

परीक्षापट्टी गावासाठी आहे, रोग्यासाठी नव्हे. लस कोठे न्यावी, साथ आहे किंवा नाही, हे ठरविण्यास ती उपयोगी. परंतु समोर पडलेल्या रोग्यास पाणी द्यावे किंवा नाही हे ठरविण्यास तिची मुळीच गरज नाही. ढाळ पटकीचे असोत किंवा दुसऱ्या कशाचे, रोगी मरतो तो अंगातील पाणी व क्षार गेल्याने. आणि तो वाचतो तो ते परत दिल्याने. पटकीचा कडक झटका धडधाकट मनुष्यासही काही तासांत नेतो. तेथे पंधरा मिनिटे देखील पट्टीकडे पाहत बसू नये.

१९७१ साली बांगलादेशाच्या युद्धात लाखो निर्वासित सरहद्द ओलांडून आले व बनगाव येथील छावणीत पटकी फैलावली. शिरेतून देण्याचे सलाईन संपत आले. तेव्हा डॉक्टर दिलीप महालनबीस ह्यांनी मीठ, साखर व सोडा पाण्यात मिसळून ते पिंपांत भरविले आणि रोग्यांच्या नातलगांकडूनच पाजविले. जेथे शंभरांत तीस मरत होते तेथे मृत्यूंचे प्रमाण शंभरांत चारांच्याही खाली आले. त्या छावणीत परीक्षापट्टी नव्हती. आईच्या हातात पेला होता.

लूकाच्या शुभवर्तमानातील शोमरोन्याची गोष्ट आपण सारे जाणतो. वाटेवर अर्धमेला पडलेल्या मनुष्यास त्याने, तू कोणत्या जातीचा, तुला कोणी मारिले, दोष कोणाचा, असे काही विचारिले नाही. त्याने प्रथम जखमा बांधल्या. चौकशी जरूर आहे, पण तिची वेळ नंतरची.

ओआरएसचे पाकीट असेल तर त्यावर लिहिले आहे तितक्याच स्वच्छ पाण्यात ते सर्व एकदम मिसळावे. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून निवविलेल्या पाण्यात साखर सहा लहान चमचे सपाट, व मीठ अर्धा लहान चमचा सपाट, असे घालून ढवळावे. मीठ अधिक पडू देऊ नये. घोटघोट, वारंवार पाजावे. ओकारी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा सावकाश पाजावे. तान्ह्या मुलास अंगावरचे दूध चालूच ठेवावे. रोगी सुस्त पडला, डोळे खोल गेले, पाणी पिववेना, लघवी बंद झाली, तर पाजीत पाजीत त्यास दवाखान्यात न्यावे. त्यास शिरेतून सलाईन लागेल.

७. उपदेशकांचे कर्तव्य

प्रिय उपदेशक बंधूंनो, ह्या पाठावरून तुम्ही आपल्या मंडळीत पुढील गोष्टी कराव्या अशी आमची विनंती आहे.

एकाच आठवड्यात वस्तीतील दोघातिघा मोठ्या माणसांस पाण्यासारखे जोराचे ढाळ झाले, किंवा एकही त्याने दगावला, तर आशा सेविकेस अथवा प्राथमिक आरोग्य केंद्रास त्याच दिवशी कळवा. गावाची बदनामी होईल म्हणून लपवू नका. लपविलेला रोग विहिरीतून बोलतो.

परीक्षेस माणसे आली तर त्यांस साह्य करा. मळाचा नमुना देण्यास लोक लाजतात, विशेषतः स्त्रिया. त्यांस सांगा की ह्या नमुन्याने कदाचित सबंध गावास लस मिळेल.

परीक्षेचे उत्तर आले म्हणजे ते मंडळीत ओरडून सांगू नका, आणि रोग्याचे नाव घेऊ नका. ‘अमक्याच्या घरी पटकी’ असे म्हणण्याऐवजी ‘आपल्या गावाचे पाणी आजपासून उकळून प्यावयाचे’ असे म्हणा. पहिल्या वाक्याने एक घर वाळीत पडते; दुसऱ्याने सर्व घरे वाचतात.

लशीचा दिवस ठरला तर प्रथम आपण व आपल्या घरच्यांनी लस घ्यावी, मग इतरांस सांगावे. आणि लशीनंतर कोणास ढाळ झाले तर वर जे भाजलेल्या बियांचे सांगितले ते लोकांस समजावून द्यावे.

शेवटी, प्रार्थना करा. प्रार्थना व परीक्षा ह्यांत विरोध नाही. पौलाने थेस्सलनीकेच्या मंडळीस सर्व गोष्टींची पारख करून चांगले ते धरून ठेवण्यास शिकविले. जो देव पारखण्याची बुद्धी देतो, तोच रोग्याजवळ बसण्याचे धैर्यही देतो. हॉल साहेबांस १८२६ साली जे ठाऊक नव्हते ते आज खेड्यातील मुलासही शिकविता येते. त्यांच्यापाशी जी प्रीती होती तिच्यात आपण हे ज्ञान मिळविले, तर नाशकाच्या वाटेवर जे घडले ते आपल्या गावच्या वाटेवर घडावयाचे नाही.

वर्गात विचारावयाचे प्रश्न

१. पटकीचा जंतू एका माणसाकडून दुसऱ्याकडे कोणत्या वाटेने जातो? आपल्या गावात ती वाट कोठे कोठे उघडी आहे?

२. पट्टीच्या वरच्या भागातील रेघ उमटली नाही तर काय समजावे?

३. ज्या गावी रोग थोडा आहे तेथे पट्टीचा होकार पुन्हा का तपासावा? हिशेब करून सांगा.

४. नुकतीच लस प्यायलेल्या मनुष्याची परीक्षा चुकीचा होकार का देते? खरे-खोटे कसे ओळखावे?

५. अनुवाद १९:१५ वाचा. एका साक्षीवरून एखाद्या घराचे नाव बिघडल्याचा प्रसंग तुम्ही पाहिला आहे काय? त्या वेळी मंडळीने काय करावयास पाहिजे होते?

६. रोगी समोर असताना परीक्षेचे उत्तर येईपर्यंत थांबावे काय? मीठसाखरेचे पाणी कसे करावे हे प्रत्येकाने करून दाखवावे.